लेंकराचा श्वास

(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं मातांच्या सभेंत केलेलें भाषण)



काल सकाळीं आपल्या धर्मग्रामाचा शंभर वर्षांचा इतिहास आपण ऐकला. मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आणली, शाळेचें छप्पर कोणत्या वादळांत उडालें, हें सर्व वक्त्यांनीं सविस्तर सांगितलें, आणि तें सांगणें योग्यच होतें. परंतु ज्या कपाटांतील वह्यांवरून हा इतिहास तयार झाला, त्याच कपाटांत खालच्या फळीवर आणखी एक वही आहे. महोत्सवाच्या प्रसंगीं तिच्यांतून कोणी वाचून दाखवीत नाहीं. ती मृतांची वही होय. या स्मरणिकेच्या कामासाठीं मी तीन संध्याकाळीं ती घेऊन बसलों. जुन्या पानांचे कांठ तपकिरी झाले आहेत, शाई फिकी पडली आहे. पण वयाचा रकाना अजून स्पष्ट वाचतां येतो. वय ४ महिने. वय ११ दिवस. वय सव्वा वर्ष. पुन्हां वय ४ महिने. डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी या महिन्यांचीं पानें आलीं कीं मोठ्या माणसांचीं नांवें विरळ होतात व लेंकरांचीं दाट होतात. कारणाच्या रकान्यांत कोठें 'ताप व खोकला', कोठें 'छाती भरली', कोठें 'डबा', आणि पुष्कळ ठिकाणीं केवळ एक आडवी रेघ.

महोत्सवांत असा विषय कशाला, असें एका सद्गृहस्थांनीं मला कालच विचारलें. त्यांस मीं तेव्हां उत्तर दिलें नाहीं; तें आतां देतों.

त्या वहींतील एक नोंद माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरांतील आहे. पंचवीस वर्षांपूर्वीं, नुकतीच गुरुदीक्षा झाली असतां, मी याच धर्मग्रामांत सहायक म्हणून आलों होतों. जानेवारींतील एका रात्रीं, बाराच्या सुमारास, दूरच्या एका वस्तीवरून एक गृहस्थ सायकलवर आला. त्याचें सात महिन्यांचें बाळ फार आजारी होतें व त्याचा स्नानसंस्कार व्हावयाचा राहिला होता. तेवढा उरकून घ्यावा म्हणून बोलावणें होतें. मी मिशनची जीप काढली आणि गेलों. लेंकरूं आजीच्या मांडीवर होतें. अंगांत ताप म्हणण्यासारखा नव्हता. तें रडत नव्हतें, दूधहि घेत नव्हतें. प्रत्येक श्वासागणिक त्याच्या नाकपुड्या फुलत, बरगड्यांखालची जागा आंत ओढली जाई, आणि घशांतून बारीक कण्हल्यासारखा आवाज येई. मीं हें सारें डोळ्यांनीं पाहिलें. परंतु पाहिलें म्हणजे ओळखलें असें होत नाहीं. मीं स्नानसंस्कार दिला. मातेनें विचारलें, 'फादर, बाळ असं का कण्हतंय?' मी म्हणालों, 'थंडी लागली असेल. उबेंत ठेवा, सकाळीं पाहूं.' दारांत जीप उभी होती. तालुक्याचें रुग्णालय सतरा किलोमीटरांवर होतें.

दिवस उजाडल्यावर थोड्याच वेळानें तें लेंकरूं गेलें. सायंकाळीं मींच त्याचें दफन केलें आणि रात्रीं वहींत कारण लिहिलें: ताप. ताप तर त्याला नव्हताच. पण वरच्या पांचसहा नोंदींत तोच शब्द होता, म्हणून माझ्याहि लेखणींतून तोच उतरला. धर्मगुरुविद्यालयांत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविलें, ईश्वरविद्या शिकविली, मरणाऱ्याच्या उशाशीं बसून काय बोलावें तेंहि शिकविलें. लेंकराचा श्वास कसा मोजावा हें मात्र कोणी शिकविलें नाहीं, आणि तें शिकावें असें मला त्या दिवसापर्यंत सुचलेंहि नाहीं. ती माता आज हयात आहे. हें भाषणांत सांगूं कां, म्हणून मी तिच्याकडे गेलों होतों. ती म्हणाली, 'सांगा, फादर. पण माझं नांव नका घेऊं.'

हा रोग म्हणजे न्यूमोनिया. जुन्या वैद्यकग्रंथांत यास फुप्फुसदाह म्हटलें आहे. आपल्या खेड्यांतून डबा म्हणतात, कोणी पोट उडणें म्हणतात. फुप्फुस म्हणजे हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्यांचा समूह. त्या पिशव्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायु रक्तांत जातो. जंतु किंवा विषाणु तेथवर पोहोंचले म्हणजे कांहीं पिशव्यांत पाणी व पू भरतो आणि हवेला जागा राहत नाहीं. मग प्रत्येक श्वासांत पूर्वीपेक्षां कमी प्राणवायु मिळतो, आणि लेंकरूं काय करतें? घागर लहान असली म्हणजे बाईला विहिरीच्या खेपा वाढवाव्या लागतात, तसें तें श्वासांची संख्या वाढवितें. म्हणून जलद श्वास ही या रोगाची पहिली खूण होय. पुढें फुप्फुस ताठर होतें, तें फुगविण्यास जोर लागतो, आणि त्या जोरानें छातीचा खालचा भाग आंत ओढला जातो. ही दुसरी खूण, आणि ती दिसली म्हणजे रोग पुष्कळ पुढें गेला आहे असें समजावें. मीं पाहिलें तें लेंकरूं या दुसऱ्या पायरीच्याहि पलीकडे होतें.

थंडीनें हा रोग उत्पन्न होतो असें आपण मानतों, तें खरें नव्हे. न्यूमोकोकस नांवाचा एक जंतु, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ब नांवाचा दुसरा, आर. एस. व्ही. नांवाचा एक विषाणु, हे यांतील मुख्य अपराधी. थंडींत आपण दारेंखिडक्या लावून एका खोलींत आठ माणसें झोंपतों आणि एकाचा खोकला सर्वांच्या नाकांत जातो. मोठ्यांचें पडशावर भागतें, लहानांच्या फुप्फुसांपर्यंत जातें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०१९ या एका वर्षांत पांच वर्षांखालील सुमारें ७ लक्ष ४० हजार मुलें न्यूमोनियानें दगावलीं. त्या वयाच्या मुलांच्या शंभर मृत्यूंपैकीं चौदा या एकाच रोगाचे होते.

हें ऐकून हताश होण्याचें कारण नाहीं, कारण या रोगावर औषध आहे, तें महाग नाहीं, आणि वेळेवर दिलें तर लागू पडतें. त्याचा पुरावा दूर शोधावयास नको. आपल्याच महाराष्ट्रांत, गडचिरोली जिल्ह्यांत, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेनें १९८८-८९ च्या सुमारास ५८ गांवांत एक प्रयोग केला. तेथें डॉक्टर पोहोंचत नव्हते. म्हणून त्यांनीं गांवचे आरोग्यसेवक व सुईणी यांनाच श्वास मोजावयास व साधें जंतुनाशक औषध पोटांत द्यावयास शिकविलें. शेजारच्या ४४ गांवांत नेहमींचीच व्यवस्था चालूं ठेवली. वर्षानंतर पाहिलें तों, या लोकांनीं उपचार केलेल्या ६१२ आजाऱ्यांपैकीं शेंकडा एकाहूनहि कमी दगावलीं. शेजारच्या गांवांत हें प्रमाण शेंकडा १३.५ होतें. पांच वर्षांखालील दर हजार मुलांमागें न्यूमोनियाचे मृत्यु तेथें १७.५ होते, तर येथें ८.१. हा वृत्तांत १९९० सालीं 'लॅन्सेट' या इंग्लंडांतील वैद्यकीय नियतकालिकांत छापला गेला. ज्या सुईणीला अक्षर येत नव्हतें तिनें लेंकरूं वांचविलें, आणि त्यानंतर दहाएक वर्षांनीं, दोन पदव्या खिशांत असलेला मी, त्याच रोगापुढें 'सकाळीं पाहूं' म्हणालों. ही गोष्ट मला अजून बोंचते.

त्या सुईणींस शंभरपर्यंत अंक मोजतां येत नव्हते. तेव्हां त्याच संस्थेनें त्यांच्यासाठीं एक साधन तयार केलें: एका मिनिटांत रिकामें होणारें वाळूचें घड्याळ आणि सोबत सरकविण्याचे मणी. हें वाचलें तेव्हां माझा हात आपोआप झग्याच्या खिशांतील माळेकडे गेला. तुम्हीहि आतां आपापली माळ हातांत घ्या. मोठे मणी सोडून द्या. लहान मणी किती आहेत? दहादहांचीं पांच दशकें, म्हणजे पन्नास. आतां ऐका.

मूल शांत असावें. रडतांना किंवा दूध पितांना मोजूं नये. झोंपेंत मोजणें सर्वांत उत्तम. अंगावरचें झबलें वर करावें व पोटाकडे पाहावें. पोट एकदां वर येऊन खालीं गेलें म्हणजे एक श्वास, आणि एका श्वासाला एक मणी. दुसऱ्या कोणीं घड्याळाकडे लक्ष ठेवावें व बरोबर एक मिनिट भरलें कीं थांबवावें. अर्ध्या मिनिटाचें मोजून दुप्पट करूं नये, कारण तान्ह्या बाळांचा श्वास एकसारखा चालत नाहीं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास एका मिनिटांत पन्नास किंवा अधिक, म्हणजे माळेची पूर्ण एक फेरी, भरले तर तो न्यूमोनिया समजावा. एक ते पांच वर्षांच्या मुलाचे चाळीस, म्हणजे चार दशकें. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे साठ, म्हणजे एक फेरी व वर एक दशक. हें भरलें तर पुन्हां एकदां मोजावें, आणि दुसऱ्यांदाहि भरलें तर घरीं मिनिटभरहि न थांबतां थेट रुग्णालय गांठावें. मोजतांना मुखानें नमो मरिया म्हणूं नये. प्रार्थनेस माझी कांहींच हरकत नाहीं, पण नमो मरियेला लागणारा वेळ व लेंकराच्या श्वासाला लागणारा वेळ यांचा मेळ बसत नाहीं, आणि हिशेब चुकतो. प्रार्थना वाटेंत जीपमध्यें करावी.

मोजण्याची वाट पाहूं नये अशाहि कांहीं खुणा आहेत. छाती आंत ओढली जाणें, कण्हणें, ओंठ किंवा जीभ निळसर होणें, दूध वा पाणी न घेणें, घेतलेलें सर्व ओकून टाकणें, आंचके येणें, हांक मारली तरी डोळे न उघडणें: यांपैकीं एक जरी दिसलें तरी रात्र असो, पाऊस असो, १०८ या क्रमांकावर फोन करावा. तो लागला नाहीं तर माझें दार ठोठवावें. ज्या रुग्णालयांत प्राणवायु देण्याची सोय आहे तेथेंच न्यावें. साधा रोग असेल तर डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलीन नांवाचें औषध पोटांत देतात. मूल खेळूं लागलें म्हणून तें मध्येंच बंद करूं नये, आणि उरलें म्हणून जावेच्या मुलालाहि देऊं नये.

आतां कोणत्या लेंकरांस हा रोग अधिक गांठतो तें सांगतों. यांतील कांहीं गोष्टी आपल्या हातच्या आहेत, कांहीं नाहींत, आणि दोन्ही एकाच सुरांत सांगून गरिबास दोषी ठरविण्याची माझी इच्छा नाहीं.

पहिली गोष्ट जन्माच्याहि आधींची. जें बाळ अडीच किलोपेक्षां कमी वजनाचें किंवा दिवस भरण्यापूर्वीं जन्मतें, त्याच्या फुप्फुसांत व रक्तांत प्रतिकाराची शक्ति थोडी असते. असें बाळ बहुधा अशक्त मातेच्या किंवा फार कोंवळ्या वयाच्या मातेच्या पोटीं येतें. विवाहाच्या सूचना वाचण्यापूर्वीं मी मुलीच्या वयाचा दाखला मागतों, तेव्हां कांहीं पिते माझ्यावर रुसतात. सरकारी कायदा हें त्यामागचें एक कारण आहे, आणि हें दुसरें.

दुसरी गोष्ट दुधाची. पहिला चीक पिळून टाकूं नये. बाळाचें पहिलें संरक्षण त्यांतच असतें. पहिले सहा महिने आईचें दूध, आणि दुसरें कांहीं नाहीं: मध नाहीं, गुटी नाहीं, पाणीसुद्धां नाहीं. ज्या बाळास या सहा महिन्यांत आईचें दूध मुळींच मिळत नाहीं, त्यास न्यूमोनियानें मरण येण्याचा धोका केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळापेक्षां सुमारें पंधरा पट असतो असें तज्ज्ञ सांगतात. माझ्या मतें या सर्व यादींत इतकी स्वस्त आणि इतकी मोठी दुसरी गोष्ट नाहीं.

तिसरी गोष्ट बाळंतिणीच्या खोलीची. येथें मला जरा थांबावें लागेल, कारण समोर पुष्कळ आज्या बसल्या आहेत व मी त्यांच्या राज्यांत पाऊल टाकीत आहें. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात. खाटेखालीं निखाऱ्यांची शेगडी, तिच्यांत ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणीच्या साली. दार लावलेलें, खिडकी असल्यास तिच्यांत चिंध्या कोंबलेल्या. न्हाऊन झालेलें बाळ त्या धुरीवर धरतात, म्हणजे म्हणे त्याची छाती मोकळी होते. आजी, तुमच्या मायेबद्दल मला शंका नाहीं. परंतु त्या खोलींत मी एकदां आशीर्वाद द्यावयास गेलों तेव्हां माझ्या डोळ्यांतून पाणी आलें आणि मला दारांतच उभें राहून आशीर्वाद द्यावा लागला. आणि मी तर साठीच्या जवळ आलेला धडधाकट मनुष्य, त्या बाळाला जन्मून तीन दिवस झालेले. धूर श्वासनळीच्या आंतील कोमल अस्तराला जाळतो, व जंतूंना बाहेर लोटण्याची त्याची शक्ति कमी करतो. ऊब द्यावयाची असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशीं, कातडीला कातडी लावून, वरून गोधडी पांघरून ठेवावें. वजनानें कमी असलेल्या बाळांना रुग्णालयांतहि आतां असेंच ठेवतात.

न्हाऊं घातल्यावर बाळाच्या नाकांत तेल सोडण्याची रीतहि बंद झाली पाहिजे. तेल नाकांतून पोटांत जातें अशी समजूत आहे. त्याचा कांहीं भाग थेट फुप्फुसांत उतरतो, व तेथें त्या तेलामुळेंच एक निराळ्या प्रकारचा न्यूमोनिया होतो. कण्हणाऱ्या बाळाला चमच्यानें बळें तूप, काढा किंवा दूध पाजल्यानेंहि हेंच होतें.

स्वयंपाकाच्या चुलीचा धूर ही चौथी गोष्ट. घरांतील धुरामुळें लहान मुलांच्या न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण येथें मला एक गोष्ट तुमच्यापासून लपवावयाची नाहीं. ग्वाटेमाला, पेरू, रुआंडा व आपला तामिळनाडु या चार ठिकाणीं गर्भवती स्त्रियांच्या कांहीं घरांत लांकडाच्या चुलीऐवजीं गॅस देण्यात आला, व त्यांच्या बाळांवर वर्षभर लक्ष ठेवलें गेलें. त्याचा निष्कर्ष २०२४ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां गंभीर न्यूमोनियांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. म्हणून दारांत सिलिंडर आला कीं बाळ सुरक्षित झालें असें मी सांगणार नाहीं. शेजारची चूल, रस्त्यावर जळणारा कचरा, हे धूर भिंत पाहून थांबत नाहींत. तरी पण तेवढ्यावरून चुलीपाशीं बाळ बांधून भाकरी थापावी असेंहि कोणीं समजूं नये. सिलिंडर भरून आणण्यास पैसे नसतात हें मला ठाऊक आहे. निदान चूल पडवींत आणावी, आणि बाळ दुसऱ्या टोकाला ठेवावें. बिडीचें मात्र निराळें आहे. तिला पैसे पडतात व ती घराबाहेर जाऊन ओढतां येते. पुरुष मंडळी मागच्या बाजूला उभी आहेत. त्यांनीं हें ऐकलें असेलच.

यापुढें जें सांगावयाचें आहे तें आपल्या या भागाचें विशेष दुःख आहे. दिवाळीच्या आसपास आपल्या कित्येक वस्त्या ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि अंगावरचीं लेंकरें बरोबर जातात. नाताळची मिस्सा मी निम्म्या मंदिरांत करतों. एका वर्षीं मी नाताळच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या माणसांस भेटावयास अशा एका तळावर गेलों होतों. उसाच्या पाचटाची कोपी, वाकल्याशिवाय आंत जातां येत नाहीं. दाराला पोत्याचा पडदा. आंत तीन दगडांची चूल, आणि चुलीपासून हातभर अंतरावर पांच माणसांचें अंथरूण. पहाटे चारला टोळी फडांत जाते. बाळाला कोणाच्या हातीं ठेवणार? त्याला फडाच्या बांधावर, दंवानें भिजलेल्या पाचटावर गोधडींत निजवितात, आणि सात वर्षांची बहीण राखण बसते. आई दोन मोळ्यांच्या मध्यें येऊन पाजून जाते. उशीर झाला तर मुकादम ओरडतो. गर्दी, धूर, दंव, अपुरें दूध: मीं आतांपर्यंत एकेक करून सांगितलेल्या गोष्टी तेथें एका गोधडीच्या आंत एकत्र होतात. वर गांवच्या लसीकरणाच्या यादींत त्या बाळाच्या नांवापुढें 'स्थलांतरित' असा शेरा पडतो, आणि कारखान्याच्या गांवीं त्याचें नांवच नसतें.

या मातांस 'बाळाला गर्दींत नेऊं नका' असा उपदेश करण्याचें धाडस मला होत नाहीं. दोन गोष्टी मात्र होऊं शकतात. दवाखान्यांतून मिळालेलें माता व बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गांठोड्यांत नव्हे, तर बाळाच्या टोपड्याबरोबर ठेवावें. तें दाखविलें असतां कोणत्याहि गांवच्या आरोग्यकेंद्रांत पुढची लस विनामूल्य द्यावी असा नियम आहे, आणि कोणीं नाहीं म्हटलें तर मला फोन करावा, मी बोलेन. दुसरी गोष्ट, ज्या आजीआजोबांत अजून ताकद आहे त्यांनीं नातवंडांस मागें ठेवून घेण्यापेक्षां शक्य असेल तेथें सोबत जावें, म्हणजे दूध पितें बाळ आईपासून तुटणार नाहीं आणि बांधावरची राखण सात वर्षांच्या मुलीवर येणार नाहीं. हें सांगणें सोपें आहे व करणें अवघड, हें मी जाणतों. दोन कुटुंबांनीं गेल्या हंगामांत तसें केलें.

लशींविषयीं थोडक्यांत. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत जी पंचगुणी लस टोंचतात, तिच्यांत डांग्या खोकल्याची व मघां सांगितलेल्या हिमोफिलसची लस असते. न्यूमोकोकसविरुद्धची लस आपल्या देशांत २०१७ सालीं कांहीं राज्यांत सुरू झाली व २०२१ पासून सर्वत्र मिळूं लागली. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यांत देतात. नवव्या महिन्यांत गोवराचीहि असते, आणि दुसऱ्यांदां दीड वर्षाच्या सुमारास. गोवराला 'देवी आली' म्हणून घरांत दडवून ठेवणारीं कांहीं घरें अजून आहेत. गोवरानें मूल सहसा पुरळामुळें मरत नाहीं. मागून येणाऱ्या न्यूमोनियानें मरतें. लस टोंचल्यावर रात्रभर ताप येतो म्हणून दुसरी मात्रा चुकविणाऱ्या मातांनीं त्या वहींतील जानेवारीचीं पानें एकदां येऊन पाहावीं, मी दाखवीन.

डबा झाला म्हणून पोटावर तापलेल्या लोखंडानें डागण्याची चाल डोंगराकडच्या भागांतून अजून पुरती गेलेली नाहीं, आणि बिब्बा घालणारे तर आपल्याहि गांवांत आहेत. त्यांचीं नांवें मला ठाऊक आहेत व त्यांनाहि हें ठाऊक आहे. डागानें श्वास सुटत नाहीं. जळाल्याच्या वेदनेनें बाळ रडतें, आणि तें रडलें म्हणून बरें वाटलें असें लोक समजतात. नाताळांत उरलेल्या बाटलींतील ब्रँडी बाळाच्या छातीला चोळण्याची व जिभेवर दोन थेंब सोडण्याची आपल्या ख्रिस्ती घरांतील एक खास रीत आहे. तिचा कांहीं एक उपयोग नाहीं, अपाय मात्र आहे. बाटली ज्यानें उघडली त्यानेंच ती संपवावी असें मी म्हणणार होतों, पण धर्मगुरूनें तेंहि म्हणूं नये.

आणखी एक, माझ्या स्वतःच्या कामाविषयीं. आजारी बाळाच्या स्नानसंस्कारासाठीं मला अवश्य बोलवावें. मी केव्हांहि येईन. पण यापुढें मी येतांना जीपची टांकी भरून येतों, आणि संस्कारास लागणारीं दोन मिनिटें झालीं कीं बाळ व माता यांना गाडींत बसवितों. गेल्या पावसाळ्यांत एका घरच्या वडीलधाऱ्यांस याचा राग आला होता. फादरनीं प्रार्थना करावी, डॉक्टरकी करूं नये, असें ते म्हणाले. त्यांची नात आतां दोन वर्षांची आहे व काल मिरवणुकींत माझ्या झग्याला धरून चालत होती.

सभा संपल्यावर उपकेंद्रांतील परिचारिकाबाई व आपल्या दोन्ही आशाताई शाळेच्या पहिल्या खोलींत बसणार आहेत. लशींचीं कार्डें तेथें दाखवावीं. ज्यांचें कार्ड हरवलें असेल त्यांनीं संकोच न करतां तसें सांगावें. ज्यांच्या मांडीवर मूल झोंपलें आहे त्यांनीं त्याला उठवूं नये, तसेंच अलगद घेऊन यावें, म्हणजे श्वास मोजण्याचा सराव सर्वांना करतां येईल. माळ आणावी, नसेल तर माझी घ्यावी. घड्याळ मी धरतों.